बरं होणं, बरं वाटणं

फाइलमधला शेवटचा कागद सोडला तर बाकी सगळं छापील होतं. रक्ताचे आकडे, स्कॅनचा अहवाल, गोळ्यांची यादी. शेवटच्या कागदावर मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती आणि त्या ओळीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे दोन शब्द होते. दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, तो कागद माझ्यापुढे धरला. “बघ गं, काय म्हणतायत.”

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. वीस वर्षं मी भाषांतरावर पोट भरते आहे. माहितीपत्रकं, संमतिपत्रं, यंत्रांसोबत येणाऱ्या पुस्तिका, औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरचा मजकूर. शब्द मला माहीत होता. मी म्हणाले, “म्हणजे त्रास कमी करणारे उपचार.”

दादा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आता काही करणार नाहीत.”

मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तरी त्याच्यापर्यंत पोचलं ते बरोबर उलटं. डॉक्टरही आत तेच म्हणाले होते, “आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या.” त्यांनी लिहिलं एक होतं आणि बोलले दुसरंच. कागदावर केअर होती, तोंडात ‘काही नाही’ होतं. या दोन्हींच्या मधे जी जागा होती तिथे एक मराठी शब्द हवा होता. तो त्या दिवशी माझ्यापाशी नव्हता.

आत्या तेव्हा खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसून खालच्या रिक्षा बघत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. तिला आम्ही सांगितलं होतं की अल्सर आहे.

संगमेश्वरच्या घरी तिला नेलं त्याच महिन्यात एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी छोटी पुस्तिका, इंग्रजीतून मराठीत करायची. विषय हाच. योगायोग म्हणावा तर तसा नाही; मी त्या विषयाची चौकशी करत फिरत होते, त्यातूनच ओळख होऊन ते काम आलं. पहिल्या पानावर, मथळ्यातच तो शब्द होता. मी पुस्तिका पहिल्या पानापासून सुरू करते, त्यामुळे कामाला बसले आणि तिथेच अडले.

कोशांतून आणि इकडे तिकडे वाचलेले शब्द एका कागदावर उतरवले. उपशामक. प्रशामक. परिहारक. वेदनाशामक. मग ते एकेक करून मोठ्याने म्हणून पाहिले. भाषांतर करताना मी हे नेहमी करते. शब्द डोळ्यांना पटतो आणि कानाला पटत नाही, असं फार वेळा होतं.

उपशामक ऐकलं की मराठी माणसाच्या कानाला ‘उप’ आधी लागतो. उपसरपंच, उपअभियंता, उपविभाग. संस्कृतात ‘उपशम’ हा स्वतंत्र आणि सुंदर शब्द आहे, त्याचा अर्थच शांत होणं. पण तो जाणणारा वाचक ही पुस्तिका हातात घेणार नव्हता. घेणार होती ती रात्री दोन वाजता सासूच्या उशाशी बसलेली सून. तिला उपशामक म्हणजे दुय्यम प्रतीचं काहीतरी, मुख्य उपचार संपल्यावरचं, असंच वाटणार. परिहारकाची गत आणखी वेगळी. परिहार म्हटलं की आपल्याकडे श्रमपरिहार आठवतो, गणपती उठल्यानंतर कार्यकर्त्यांचं जेवण. वेदनाशामक हा शब्द सगळ्यांना कळतो, पण तो औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीचा शब्द आहे. आणि पॅलिएटिव्ह केअरचा सगळा आग्रहच असा की दुखणं म्हणजे फक्त अंग दुखणं नव्हे.

हा आग्रह ज्यांचा, त्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर शिकून डॉक्टर. तिन्ही बाजूंनी त्यांनी मरणाऱ्या माणसाची खाट पाहिली होती. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांना शेवटच्या दिवसांत सांभाळणारी जागा. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं दुखणं अखंड असतं. शरीर दुखतं, मन दुखतं, मागे राहणाऱ्यांची चिंता दुखते आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्नही दुखतो. एकाला हात घालून बाकीची सोडली तर ते एकही नीट शमत नाही.

पण ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव त्यांचं नाही. ते नाव कॅनडातल्या माँट्रियलचे शल्यचिकित्सक बाल्फर माउंट यांनी दिलं, आणि त्यामागची गोष्ट मला कळली तेव्हा मी काम बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. माउंट लंडनला जाऊन साँडर्स यांचं काम पाहून आले होते. परतल्यावर तसा विभाग त्यांना रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात सुरू करायचा होता. तो १९७५ साली सुरू झालाही. पण माँट्रियल हे फ्रेंच बोलणारं शहर, आणि फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांना नेऊन टाकण्याची जागा. आपल्याकडे एखाद्या म्हाताऱ्याला ‘तुला आता अनाथाश्रमात ठेवतो’ म्हणावं, तसं ते ऐकू आलं असतं. म्हणून त्यांनी नवा शब्द शोधला. म्हणजे मी ज्या शब्दापाशी अडले होते, तो शब्दच मुळात एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत चालेना म्हणून जन्मला होता. तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच ‘हे ऐकणाऱ्याला कसं लागेल’ असा विचार करत बसलं होतं.

त्यांनी उचललेला शब्द जुना होता. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पॅलियम’ आहे, म्हणजे अंगावर ओढून घ्यायचं वस्त्र. पांघरूण. मला वाटलं, सापडलं! आपल्याकडे गोधडी आहे, वाकळ आहे, घोंगडी आहे. पांघरुणाइतकी आपुलकीची वस्तू दुसरी कुठली? पण लगेच ‘पांघरूण घालणे’ आठवलं. मुलाच्या चुकांवर आई पांघरूण घालते, भ्रष्टाचारावर पांघरूण घातलं जातं. आणि गंमत अशी नव्हे, खरं तर अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी, की इंग्रजीतही ‘पॅलिएट’चा अर्थ शेकडो वर्षं हाही राहिला आहे. गुन्हा सौम्य करून दाखवणं, दोष झाकणं. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांबच्या, पण पांघरुणाने दोन्हीकडे तीच दोन कामं केली. ऊब दिली आणि झाकलं.

आम्ही आत्यावर यातलं दुसरं पांघरूण घातलं होतं. अल्सरचं.

ते काढायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ओटीवरच सांगितलं जायचं, “तिला माहीत नाहीये हो.” मग तो माणूस आत जाऊन आत्याशी पावसाबद्दल बोलायचा. आत्याही बोलायची. पाऊस यंदा उशिरा आला, भात लावायला माणसं मिळत नाहीत, अमक्याचा मुलगा दुबईला गेला. सगळे जपून बोलत होते आणि ती सगळ्यांत जास्त जपून बोलत होती.

पुस्तिकेच्या निमित्ताने मी केरळबद्दल वाचू लागले. या कामात केरळ देशाच्या फार पुढे आहे. १९९३ साली कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसं केंद्र सुरू केलं, पुढे गावोगावचे लोक त्यात उतरले, शेजारीपाजारी शिकून खाटेवरच्या माणसांकडे जाऊ लागले, आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरणच केलं. मल्याळममध्ये या सेवेला ‘सांत्वन परिचरणम्’ म्हणतात. काय सुरेख शब्द आहे! आणि मराठीत अजिबात चालणार नाही. आपण सांत्वनाला जातो ते माणूस गेल्यावर. पांढरी साडी, दाराबाहेर चपलांचा ढीग, “कसं झालं हो एकाएकी”. जिवंत माणसाच्या घरी सांत्वनाला कोणी आलं, तर घरातली बाई त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. शब्द तोच, संस्कृतातून दोन्हीकडे आलेला, पण केरळात तो मरणाच्या अलीकडे राहिला आणि आपल्याकडे पलीकडे गेला.

आपल्याकडे नावं अगदीच नाहीत असंही नाही. मुंबईत बांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणून ते ओळखलं जातं. अवेदना. हे नाव ज्याला सुचलं त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण ते नाव म्हणूनच राहिलं, बोलण्यात उतरलं नाही.

‘केअर’चंही सोपं नव्हतं. आपली काळजी घेतलीही जाते आणि केलीही जाते, आणि आमच्या घरात करण्याचंच प्रमाण फार होतं. शुश्रूषा हा शब्द मला आवडतो, आणि त्याची व्युत्पत्ती कळल्यापासून तर फारच. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, त्यापासून इच्छा दाखवणारं रूप होतं शुश्रूषा. म्हणजे ऐकण्याची इच्छा. रुग्णाच्या सेवेला आपल्या पूर्वजांनी ऐकण्याची इच्छा म्हटलं! मूळ अर्थ गुरूचं ऐकण्याचा, आज्ञेत राहण्याचा होता आणि तिथून सेवेकडे आला, हे मला कळतं. तरीही त्या रात्री मी तो शब्द वहीत तीनदा लिहिला. कारण घरात सगळे आत्याचं करत होते, पण ऐकत कोणीच नव्हतं.

मग आयुर्वेदाकडे वळले. चरकाने रोगांची विभागणी केली आहे. साध्य, म्हणजे बरे होणारे. त्यातही सुखाने होणारे आणि कष्टाने होणारे. आणि असाध्य. पण असाध्याचे पुन्हा दोन भाग आहेत. एक, ज्यांत वैद्याने हात टेकावेत. आणि दुसरा, याप्य. याप्य म्हणजे जे बरे होत नाहीत, पण ज्यांच्यासोबत काळ काढता येतो. कालयापनातलं ‘यापन’ तेच. आपल्या बोलीत सांगायचं तर, दिवस काढता येतात असे.

मला या शब्दाने हलवून सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, काही करण्यासारखं नाही. आपली रोजची भाषाही तेच म्हणते. इलाज नसणं म्हणजे नाइलाज, आणि नाइलाज म्हणजे हातपाय गाळून बसणं. उपचार संपला की माणूस लाचार झाला, असं आपल्या शब्दातच बसून गेलं आहे. आणि इतक्या जुन्या काळात कुणीतरी शांतपणे लिहून ठेवलं होतं की नाही, मधे एक खोली आहे. बरं न होणं आणि काही न करणं यांच्या मधली. सुश्रुताने तर याप्य रोग्यासाठी उपमा दिली आहे घराची. पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तसे योग्य उपचार अशा रोग्याला धरून ठेवतात.

हे वाचलं तेव्हा मी आत्याच्या घरीच होते, मागच्या पडवीत. समोर धिरा होता. पडवीचा वासा वाकला म्हणून खूप वर्षांपूर्वी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, खैराचा एक दणकट सोट तिथे लावला होता. तात्पुरता म्हणून. तेव्हापासून आत्याने त्याच्या आधाराने दोरी बांधून कपडे वाळत घातले, कोयती अडकवली, त्याच्या बुंध्याशी बसून सोलं वाळवली. पडवी दुरुस्त कधीच झाली नाही. पण तिच्याखाली एवढं सगळं जगून झालं. धिरा आणि धीर हे शब्द एका घरातले आहेत की नुसते एकमेकांसारखे दिसतात, याच्या खोलात मी गेले नाही. मला ते त्या संध्याकाळी एकच वाटले.

पण ‘याप्य’ पुस्तिकेत चालणार नव्हता. हे मला लगेच कळलं. ज्या सुनेसाठी मी लिहीत होते तिला तो उपशामकाहूनही परका.

दुखणं तेव्हा वाढलं होतं. साध्या गोळ्यांनी भागेना. कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन लिहून दिलं आणि घरात कल्लोळ झाला. मॉर्फिन म्हणजे अफू, अफू म्हणजे नशा. दादा म्हणाला, “आईला अफूवर ठेवायची?” गोळ्या मिळवणंही सोपं नव्हतं. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, पण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं की बहुतेकांनी तो नादच सोडला. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडलं. त्यामधल्या जवळजवळ तीस वर्षांत किती माणसं कळवळत गेली असतील, याचा विचार मनात आला की मला अजूनही संताप येतो. डॉक्टरीणबाईंनी दादाला तासभर समोर बसवून समजावलं. दुखल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची. दर चार तासांनी. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध, ते विसरायचं नाही. दुखण्यासाठी असं मोजून दिलेल्या मॉर्फिनची सहसा चटक लागत नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या सलग सहा तास झोपली. उठल्यावर तिने केस विंचरून मागितले. मी वेणी घालत होते तेव्हा दादा दारात उभा राहून म्हणाला, “आई, पुण्याला अजून एका मोठ्या डॉक्टरांचा पत्ता मिळालाय. एकदा दाखवून येऊ या.”

आत्या आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली, “नको रे. मी काही बरी व्हायची नाही आता, हे तुला ठाऊक आहे तसं मलाही आहे. अल्सरला कोणी एवढं रडत नाही मेल्यांनो. पण कालपासून बरं वाटतंय मला. बरी होत नसले म्हणून बरं वाटायला काय हरकत आहे?” मग मान जराशी वळवून मला म्हणाली, “बायो, घट्ट घाल. सैल वेणी सुटते.”

दादा तिथेच उंबऱ्यावर बसला आणि पुष्कळ रडला. आत्या त्याला काही म्हणाली नाही. मी वेणी घातली.

बरं होणं आणि बरं वाटणं. एका क्रियापदाचा फरक. लहानपणापासून हे दोन्ही आपण बोलत आलो. तापातून उठलेल्या मुलाला आई विचारते, “बरं वाटतंय का?” तेव्हा ती ताप गेला का हे विचारत नसते, त्यासाठी तिने कपाळाला हात लावलेला असतोच. ती विचारते ते मुलाला आतून कसं आहे ते. हे उत्तर थर्मामीटरला देता येत नाही, ज्याचं दुखतं त्यालाच देता येतं. म्हणूनच ‘वाटणं’ मला एवढं मोलाचं वाटतं. बरं करणारा डॉक्टर असतो, बरं वाटलं की नाही हे ठरवणारा रोगी. आणि ते ठरवायला त्याला विचारावं लागतं, ऐकावं लागतं. मी नाम शोधत होते. कोश उघडला की आपण नामच शोधतो, कारण मथळ्याला नाम लागतं. आत्याने क्रियापद दिलं.

पुस्तिकेत मी मथळ्याखाली लिहिलं, ‘बरं वाटावं म्हणून’. पहिल्या परिच्छेदात लिहिलं, काही आजार बरे होत नाहीत, पण माणसाला बरं वाटेल असं पुष्कळ काही करता येतं, आणि ते करण्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मसुदा परत आला तेव्हा समासात शेरा होता, की भाषा फार घरगुती आहे, पारिभाषिक शब्द वापरावा. मी लांबलचक पत्र लिहिलं. श्रमपरिहार, सांत्वन, उपसरपंच, सगळं लिहिलं. वेणीचं लिहिलं नाही. शेवटी ठरलं ते असं: मथळ्यात पॅलिएटिव्ह केअर देवनागरीत, त्याखाली लहान अक्षरात माझी ओळ. उपशामक हा शब्द आत एकदा येतो, सरकारी कागदांत तो दिसला तर ओळखता यावा म्हणून. मला हे मान्य आहे. टेबल, स्टेशन, ऑपरेशन आपण आपलेसे केले, तसा पॅलिएटिव्हही होईल. परक्या शब्दाला माझा विरोध नाही. तो ऐकल्यावर घरच्या माणसाच्या मनात काय उमटतं, एवढंच मला बघायचं होतं.

आत्या त्यानंतर सात आठवडे होती. त्यातले शेवटचे चार दिवस सोडले तर ती बोलत होती. अल्सरचा विषय पुन्हा निघाला नाही. ओटीवरचं कुजबुजणं थांबलं. तिने दागिन्यांची वाटणी केली, दोन माणसांना बोलावून घेऊन जुनं भांडण मिटवलं, एकाशी मिटवायचं नाही असं सांगितलं. पातोळ्या करायला लावल्या आणि एक घास खाल्ला. पाऊस आला की खिडकी उघडी ठेवायला लावायची आणि थंडी वाजली की गोधडी मागायची, तिच्याच आईने शिवलेली, मऊ पडलेली.

एकदा दुपारी फोन वाजला. खालच्या वाडीतले एक काका होते. मी माजघरात होते, दादा बोलत होता. पलीकडून बहुधा नेहमीचाच प्रश्न आला, आई कशी आहे.

“बरी नाही व्हायची, काका,” दादा म्हणाला. “पण बरं वाटतंय तिला.”

पलीकडे क्षणभर शांतता असावी. मग काकांचा मोठा आवाज मला माजघरापर्यंत ऐकू आला.

“असं होय. मग संध्याकाळी येतो गप्पा मारायला. तिला विचार, तंबाखू आणू का थोडी.”